'एका नशेऐवजी दुसरी नशा' : एका वाक्याचा शंभर वर्षांचा इतिहास

१/
व्यसनमुक्तीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते. हेरॉइनच्या रुग्णाला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देणे म्हणजे एका नशेऐवजी दुसरी नशा देणे. हे वैद्यकशास्त्राचे मत आहे असे बहुतेकांना वाटते. त्याचा माग काढत मागे गेले, तर वाट दवाखान्यात पोहोचत नाही. ती न्यायालयात जाऊन थांबते. स्थळ वॉशिंग्टन, वर्ष १९१९. हा धागा त्या वाक्याचा, आणि त्याची किंमत कोणी मोजली याचा.

२/
प्रथम शास्त्र, थोडक्यात. अफूतून मॉर्फिन निघते, मॉर्फिनपासून हेरॉइन तयार होते. या कुळातील द्रव्यांना ओपिऑइड म्हणतात. ती दीर्घकाळ घेतली की मेंदू त्यांच्याशी जुळवून घेतो. मग द्रव्य थांबताच घाम, उलट्या, अतिसार, हाडे पिळवटणारी वेदना आणि निद्रानाश सुरू होतो. मराठी व्यसनींच्या बोलीत याला 'टर्की' म्हणतात. हेरॉइनचा अंमल काही तासांत उतरतो, म्हणून त्याच्या रुग्णाचा सारा दिवस पुढच्या मात्रेच्या शोधात जातो.

३/
मेथाडोन तोंडाने घेतले जाते आणि त्याचा परिणाम दिवसभर टिकतो. मात्रा स्थिरावली की रुग्णाला ना झिंग येते, ना टर्की. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवतात. मेंदूतील त्याच जागांना ते चिकटते, परंतु त्यांना अर्धवटच चेतवते. त्याच्या परिणामाला एक कमाल मर्यादा असल्याने श्वास बंद पडण्याचा धोका बराच कमी राहतो. रुग्णाचा दिवस मोकळा होतो, आणि त्या मोकळ्या दिवसात नोकरी, घर, समुपदेशन यांना जागा मिळते.

४/
येथे दोन शब्दांची गल्लत होते. शरीराला औषधाची सवय लागणे हे अवलंबित्व. जीवनाची वाताहत होत असतानाही द्रव्यामागे धावत राहणे हे व्यसन. उपचारातला रुग्ण औषधावर अवलंबून असतो, हे खरेच आहे. परंतु रोज गोळी घेणे हीच व्यसनाची व्याख्या मानली, तर रक्तदाबाचा प्रत्येक रुग्ण व्यसनी ठरेल. हा भेद डॉक्टरांना फार पूर्वीच उमगला होता. तो पुसला गेला कसा, हा खरा ऐतिहासिक प्रश्न.

५/
एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत मॉर्फिनचा नमुनेदार व्यसनी म्हणजे गल्लीतला तरुण नव्हता. ती बहुधा मध्यमवर्गीय गोरी स्त्री असे, आणि तिला मॉर्फिनची ओळख तिच्याच डॉक्टरने करून दिलेली असे. वेदना, खोकला, जुलाब, 'नसांचा त्रास', साऱ्यांवर तेच एक औषध. १८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने हेरॉइन बाजारात आणले, तेही खोकल्याचे औषध म्हणूनच. अशा स्त्रीला समाज दयेने पाही, आणि डॉक्टर तिला ठरलेली मात्रा देत राही.

६/
डिसेंबर १९१४ मध्ये हॅरिसन कायदा संमत झाला. कागदोपत्री तो करविषयक कायदा होता. अफू आणि कोका यांपासून बनलेल्या द्रव्यांची नोंदणी, कर आणि हिशेब, एवढाच त्याचा उघड हेतू. डॉक्टरने 'व्यवसायाच्या ओघात' रुग्णाला दिलेले औषध त्यातून वगळले होते. डॉक्टर निर्धास्त राहिले. कर गोळा करणाऱ्या खात्याने मात्र या चार शब्दांचा अर्थ स्वतःच लावला. त्याच्या मते व्यसनी माणसाला त्याची सवय भागवण्यासाठी औषध देणे हा वैद्यकीय व्यवसायच नव्हे.

७/
वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ३ मार्च १९१९ रोजी दोन निकाल लागले. त्यांतला वेब खटला मेम्फिसच्या एका डॉक्टराचा. प्रश्न असा, की व्यसनमुक्तीचा प्रयत्न न करता, केवळ रुग्णाला त्रास होऊ नये म्हणून मॉर्फिन लिहून देणारी चिठ्ठी डॉक्टरची चिठ्ठी म्हणता येईल काय? न्यायालय म्हणाले, असे म्हणणे हा शब्दार्थाचा इतका उघड विपर्यास आहे की त्यावर चर्चेचीही गरज नाही. निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला.

८/
'चर्चेची गरज नाही' हे शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याने अधोरेखित करून ठेवावेत. वैद्यकीय पुरावा तपासला गेला नाही. मात्रा स्थिर असलेला रुग्ण कसा जगतो, हे विचारले गेले नाही. नऊपैकी चार न्यायाधीशांना पटले नाही, तरी एका मताच्या फरकाने एका आजाराची व्याख्या ठरली. 'एका नशेऐवजी दुसरी नशा' या वाक्याला कायद्याचे बळ मिळाले ते येथे.

९/
निकालानंतर हजारो रुग्ण एकाएकी डॉक्टरांविना उरले. या गोंधळावर उतारा म्हणून चाळीसहून अधिक शहरांत मॉर्फिनचे दवाखाने उघडले गेले. आरंभी खुद्द केंद्रीय खात्यानेही त्यांना उत्तेजन दिले होते. रुग्णाची नोंद करायची, ठरलेली मात्रा माफक दरात द्यायची, शक्य असेल तेथे ती हळूहळू उतरवायची. औषधाच्या आधारे व्यसनावर उपचार करण्याचा आधुनिक जगातला हा पहिल्या मोठ्या सार्वजनिक प्रयोगांपैकी एक.

१०/
यांतला सर्वांत गाजलेला दवाखाना लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्टचा. डॉ. विलिस बटलर यांनी तो १९१९ मध्ये सुरू केला. त्यांच्याकडे बाराशेच्या आसपास रुग्ण येऊन गेले. रुग्णाने कामधंदा करावा, असा त्यांचा आग्रह असे. ज्याचे व्यसन सुटण्याजोगे वाटे त्याला इस्पितळात ठेवून सोडवले जाई. दुर्धर दुखण्याने वा वार्धक्याने जर्जर असलेल्याला मात्रा चालू राही. स्थानिक पोलीस आणि न्यायाधीश यांचा पाठिंबा होता, कारण चोरट्या विक्रेत्यांचे गिऱ्हाईक तुटले होते.

११/
सारेच दवाखाने श्रीव्हपोर्टसारखे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. न्यूयॉर्कच्या दवाखान्यात हजारोंची झुंबड उडाली. तपासणी अपुरी, नोंदी ढिल्या, रांगेभोवती विक्रेत्यांचा वावर. १९२० मध्येच तो बंद पडला. पुढे औषधोपचाराच्या विरोधकांनी न्यूयॉर्कचे उदाहरण वारंवार दिले, श्रीव्हपोर्टचे क्वचितच. वाईट चाललेल्या एका दवाखान्यावरून चांगले चाललेले सारे मोडीत काढण्याची ही युक्ती आजच्या वादांतही ओळखीची वाटेल.

१२/
दारूबंदी राबवण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेकडेच मादक द्रव्यांचा विभाग सोपवला गेला होता. त्याने एकेक दवाखाना बंद पाडला. श्रीव्हपोर्टचा दवाखाना फेब्रुवारी १९२३ मध्ये बंद झाला. अनेक डॉक्टरांवर खटले भरले गेले, उरलेल्यांनी अशा रुग्णांना दारातूनच परतवायला सुरुवात केली. औषधाच्या दुकानात अल्प किमतीत मिळणारे शुद्ध मॉर्फिन गेले. त्याच्या जागी भेसळयुक्त, महाग आणि अनोळखी ताकदीचे हेरॉइन आले. रुग्ण तेच राहिले, विक्रेता तेवढा बदलला.

१३/
१९२५ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने वेगळा सूर लावला. स्पोकेन शहरातील डॉ. लिंडर यांनी चार गोळ्या दिल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली होती; गोळ्या घेणारी स्त्री सरकारची खबरी होती. न्यायालयाने एकमताने शिक्षा रद्द केली आणि व्यसनी हे आजारी असून वैद्यकीय उपचारांस पात्र आहेत, असे स्पष्ट म्हटले. परंतु दवाखाने बंद झाले होते, डॉक्टर धास्तावले होते. अधिकाऱ्यांनी या निकालाकडे जवळजवळ दुर्लक्ष केले. पाच-चारचा निकाल राज्य करीत राहिला आणि एकमताचा निकाल ग्रंथालयात पडून राहिला.

१४/
याच काळात ब्रिटनने उलट वाट धरली. सर हम्फ्री रॉलस्टन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२६ मध्ये अहवाल दिला. औषध पूर्ण तोडणे ज्यांना शक्य होत नाही, पण ठरलेल्या अल्प मात्रेवर जे उपयुक्त आणि सामान्य आयुष्य जगू शकतात, त्यांना ते लिहून देणे हा वैध वैद्यकीय व्यवसाय होय. अमेरिकेने पोलिसाकडे दिलेला प्रश्न ब्रिटनने डॉक्टरकडे ठेवला. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे तेथील ज्ञात व्यसनींची संख्या शेकड्यांतच राहिली.

१५/
आक्षेपक म्हणतील, ब्रिटनमध्ये व्यसनी मुळातच थोडे होते, म्हणून ती पद्धत टिकली. आक्षेपात तथ्य आहे. १९६० च्या दशकात लंडनमध्ये काही मोजक्या डॉक्टरांनी हात सैल सोडून हेरॉइन लिहून दिले, ते बाजारात पाझरले, आणि १९६८ पासून ते काम खास केंद्रांकडे सोपवावे लागले. परंतु ब्रिटनने काय केले ते पाहावे. नियम घट्ट केले, उपचार मोडीत काढला नाही. दोष दुरुस्त करणे आणि दवाखान्याला टाळे ठोकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१६/
अमेरिकेने मग 'पूर्ण मुक्ती'चाच प्रयोग केला, आणि तो मोठ्या प्रमाणावर. १९३५ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे 'नार्कोटिक फार्म' उभा राहिला : अर्धे इस्पितळ, अर्धा तुरुंग. शेती, गोठा, कामशाळा, संगीत, मानसोपचार, मोकळी हवा, सारे काही. बाहेर पडताना रुग्णाच्या शरीरात द्रव्याचा अंश नसे. १९६२ मध्ये तेथून न्यूयॉर्कला परतलेल्या सुमारे १,९०० रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या घरातील लोक पुन्हा व्यसनाकडे वळले होते, आणि बहुतेक सारे पहिल्या काही महिन्यांतच.

१७/
नव्वद टक्के माणसे दुबळ्या मनाची निघाली, असे म्हणणे सोपे आहे. परंतु एखादे औषध शंभरांपैकी नव्वदांवर निष्फळ ठरले तर डॉक्टर औषधाला दोष देतात, रुग्णाला नव्हे. व्यसनाच्या बाबतीत मात्र उपचार हरला की दोषी रुग्ण. लेक्सिंग्टनला १९४५-४६ मध्ये काम केलेल्या डॉ. मेरी निस्वँडर या मानसोपचारतज्ज्ञ हेच पाहून अस्वस्थ झाल्या. १९५६ मध्ये त्यांनी व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहणारे पुस्तक लिहिले. त्या काळात ते भूमिका घेणेच होते.

१८/
न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डॉ. व्हिन्सेंट डोल हे चयापचयाचे अभ्यासक होते. १९६४ च्या सुमारास डोल, निस्वँडर आणि तरुण डॉक्टर मेरी जीन क्रीक यांनी मोजक्या जुनाट रुग्णांवर काम सुरू केले. प्रथम मॉर्फिन देऊन पाहिले. रुग्ण गुंगीत बसून राहत, आणि शुद्धीवर येत ते पुढच्या इंजेक्शनची वेळ विचारायला. मात्रा वाढतच होती. त्यानंतर त्यांना मेथाडोनवर आणले गेले.

१९/
फरक संशोधकांनाही अनपेक्षित होता. घड्याळाकडे डोळे लावून बसलेली माणसे इतर गोष्टी बोलू लागली. एकाने चित्रे काढायला घेतली, दुसऱ्याला शिक्षण पूर्ण करावेसे वाटू लागले. मॉर्फिन आणि मेथाडोन एकाच कुळातली, रुग्णही तेच. तरीही एकावर माणूस गुंगीत पडून राहतो आणि दुसऱ्यावर उठून कामाला लागतो. 'एका नशेऐवजी दुसरी नशा' हे वाक्य खरे असते, तर या दोन अवस्थांत काहीच फरक दिसायला नको होता. ऑगस्ट १९६५ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २२ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध झाली.

२०/
संशोधन चालू असताना केंद्रीय मादक द्रव्य विभागाचे लोक डोल यांच्याकडे आले आणि त्यांनी कायदाभंगाचा इशारा दिला. डोल यांनी खटला भरण्याचेच आव्हान दिले, म्हणजे प्रश्नाचा निकाल न्यायालयात लागेल. खटला भरला गेला नाही. १९२५ चा लिंडर निकाल कायद्याच्या पुस्तकात होताच. त्यावर बोट ठेवणारा डॉक्टर मिळायला चाळीस वर्षे लागली.

२१/
एक आख्यायिका येथेच निकालात काढावी. मेथाडोनचे 'डोलोफिन' हे व्यापारी नाव ॲडॉल्फ हिटलरवरून पडले, असे समाजमाध्यमांवर आजही फिरते. मेथाडोनचा शोध १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन प्रयोगशाळेत लागला, एवढे खरे. 'डोलोफिन' हे नाव मात्र युद्धानंतर अमेरिकेच्या एली लिली कंपनीने दिले. हिटलर हरल्यावर त्याच्या नावाने औषध विकायला कोणती अमेरिकी कंपनी धजली असती? अफवा टिकली, कारण औषधाविषयी संशय आधीच तयार होता.

२२/
१९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या काळात, व्हिएतनाममधील सैनिकांतील हेरॉइनच्या धास्तीने, मेथाडोनला सरकारी आश्रय मिळाला. परंतु जुना संशय नियमांत शिरला. औषध केवळ परवानाधारक केंद्रात, रोज रांगेत उभे राहून, बहुधा परिचारिकेच्या डोळ्यांसमोर घ्यायचे. कृष्णवर्णीय वस्त्यांतून 'हे औषध की लगाम?' असा प्रश्न आला, आणि त्या समाजाचा पूर्वानुभव पाहता तो अवाजवी नव्हता. उपचाराला तुरुंगाचे रूप दिले की रुग्णाला तो तुरुंगच वाटणार. हा दोष मेथाडोनचा नाही, १९१९ च्या मनोवृत्तीचा आहे.

२३/
ती मनोवृत्ती बाजूला ठेवली की काय घडते, याचे उदाहरण फ्रान्स. १९९५ पासून तेथे कोणत्याही सामान्य डॉक्टरला ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा मिळाली. खास केंद्र नको, परवाना नको. १९९५ ते १९९९ या काळात अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. काही गोळ्या चोरवाटेने विकल्या गेल्या, काहींनी त्या विरघळवून टोचून घेतल्या. हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यात हजारो जिवंत माणसे आहेत.

२४/
उलट दिशेचा प्रयोगही झाला. क्रिमियात युक्रेनच्या राजवटीत सुमारे ८०० रुग्ण मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिनच्या उपचारावर होते. २०१४ मध्ये रशियाने प्रदेश ताब्यात घेतला. रशियात अशा उपचारावर बंदी आहे, औषध थांबले. पुढल्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांचे विशेष दूत मिशेल कझाचकिन यांनी सांगितले, की या रुग्णांपैकी ८० ते १०० जण दगावले असावेत, बहुतेक अतिमात्रेने वा आत्महत्येने. रशियाने तो आकडा फेटाळला. परंतु बंदी उठवली नाही.

२५/
ही सुटी उदाहरणे नव्हेत. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. मेथाडोनवर असताना दर हजार व्यक्ती-वर्षांमागे ११.३ मृत्यू, उपचार सुटल्यावर ३६.१. ब्युप्रेनॉर्फिनवर ४.३, सुटल्यावर ९.५. कारण साधे आहे. औषध तुटले की शरीराची सहनक्षमता उतरते, तलफ उरतेच. मग जुन्या सवयीने घेतलेली जुनी मात्रा प्राणघातक ठरते. 'पूर्ण मुक्त' होऊन बाहेर पडलेला माणूस पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक धोक्यात असतो, तो यामुळे.

२६/
आता भारत. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि त्या पैशावर मुंबईतील पेढ्या उभ्या राहिल्या. याच शहरात गिरणीत राबणाऱ्या बाया कामावर जाताना तान्ह्या बाळाला अफू घातलेली 'बाळागोळी' देत. मराठीत 'अफूची गोळी' हा वाक्प्रचार झाला तो अशा परिचयातून. स्वातंत्र्यानंतर अफूचे अवैद्यकीय सेवन संपवण्याचे ठरले आणि १ एप्रिल १९५९ पासून बंदी आली. मात्र नोंदणीकृत व्यसनींना परवान्यावर अफू मिळत राहिली. हेही औषधाधारित व्यवस्थापनच होते, केवळ त्याला तसे नाव नव्हते.

२७/
१९८५ च्या एनडीपीएस कायद्याची आठवण बहुतेकांना कठोर शिक्षांमुळे असते. त्याच कायद्याचे कलम ७१ क्वचितच कोणी वाचते. व्यसनींच्या उपचारासाठी केंद्रे काढण्याचा, आणि नोंदणी झालेल्या व्यसनींना सरकारमार्फत मादक द्रव्ये पुरवण्याचा अधिकार त्यात पहिल्या दिवसापासून आहे. म्हणजे 'सरकारनेच नशा द्यायची काय?' या संतप्त प्रश्नाला भारतीय संसदेने तेव्हाच शांतपणे होकार देऊन ठेवला आहे.

२८/
त्याच सुमारास मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरली. मराठीत तिला 'गर्द' म्हणू लागले आणि ओढणाऱ्याला 'गर्दुल्ला'. अनिल अवचट यांनी 'गर्द' या पुस्तकातून त्या जगाचे दर्शन घडवले; १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, त्यामागे पु. ल. व सुनीता देशपांडे यांची देणगी होती. व्यसन हा आजार आहे, हे मराठी मध्यमवर्गाला शिकवण्याचे श्रेय या परंपरेला निर्विवाद जाते. आजार मानला, ही अर्धी वाट झाली. आजाराला औषध असू शकते, ही उरलेली अर्धी.

२९/
ती उरलेली वाट भारतात प्रथम मोठ्या प्रमाणावर चालली ईशान्येकडे, आणि तीही मरणाच्या रेट्याने. मणिपुरात १९८९ मध्ये सुईने हेरॉइन घेणाऱ्यांत एचआयव्ही जवळपास आढळत नव्हता. १९९० पर्यंत तो सुमारे निम्म्यांत पोहोचला. सुई टळली तरच साथ थांबणार होती. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ नंतर, जिभेखालच्या ब्युप्रेनॉर्फिनची केंद्रे त्या कार्यक्रमाचा भाग झाली. पंजाबने ऑक्टोबर २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांचे जाळे विणायला घेतले. भारतात ब्युप्रेनॉर्फिनच्या इंजेक्शनांचा गैरवापरही झालेला आहे. म्हणूनच केंद्रात देखरेखीखाली गोळी देण्याची पद्धत रुजली.

३०/
प्रश्नाचा आकार २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसतो. देशात ओपिऑइडचे सेवन करणारे सुमारे २.२६ कोटी, आणि त्यांपैकी मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख. त्यांना रोज 'इच्छाशक्ती वाढवा' असे सांगितले जाते. लेक्सिंग्टनला इच्छाशक्तीची कमतरता नव्हती. शेत होते, गोठा होता, मानसोपचार होता. नव्वद टक्के तरीही परत फिरले.

३१/
'मग हे औषध आयुष्यभर घ्यायचे काय?' काहींना घ्यावे लागेल, काही जण डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सोडतील. समुपदेशन, सोबत्यांचे गट, घरच्यांचा आधार यांची जागा औषध घेत नाही. ज्यांना औषधाविना मुक्ती साधली त्यांच्या कष्टांचा त्यात अवमानही नाही. आक्षेप एकाच गोष्टीला आहे. मुक्तीची एकच व्याख्या करून, तीत न बसणाऱ्याला औषधाविना दाराबाहेर पाठवायचे, आणि तो मेला की त्याच्या स्वभावाला दोष द्यायचा.

३२/
१९१४ पूर्वीच्या मॉर्फिनग्रस्त गृहिणीला समाज 'रुग्ण' म्हणत होता, कारण ती घरातली होती. पुलाखाली झोपणाऱ्या मुलाला तो 'गर्दुल्ला' म्हणतो. दोघांच्या मेंदूत घडते ते एकच. तेव्हा 'एका नशेऐवजी दुसरी नशा' हे वाक्य पुन्हा ऐकू आले, तर इतिहासाच्या वाचकाने बोलणाऱ्याला त्याचा पुरावा मागावा. मेम्फिसचा एक खटला पुढे येईल, पाच न्यायाधीश येतील, आणि 'चर्चेची गरज नाही' हा शेरा येईल. ती तेव्हा न झालेली चर्चा पुढे श्रीव्हपोर्टच्या नोंदींपासून मणिपूरच्या केंद्रांपर्यंत शंभर वर्षे झाली आहे, आणि तिचा निष्कर्ष मृतांच्या आकड्यांत वाचता येतो.

(धागा समाप्त)